महाडला गेलो, माणसे भेटली

२० मार्च २०२३ रोजी आमच्या वस्तीतले आम्ही नऊ जण महाडला गेलो, तेव्हा मनात फारसा उत्साह नव्हता, हे आधीच कबूल केले पाहिजे. दरवर्षी जायचे म्हणून निघालो होतो. परत आल्यावर येणाऱ्या रविवारी, २६ तारखेला, एक अप्रिय काम उरकायचे होते. आमच्या विहारातली अभ्यासिका बंद करण्याचा ठराव त्या दिवशी मंजूर व्हायचा होता.

ही अभ्यासिका १४ एप्रिल २०१६ रोजी, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीला आम्ही मोठ्या हौसेने सुरू केली होती. रेल्वेच्या रुळालगतची आमची वस्ती. घरे दहा बाय बाराची. मुलांना पाटी ठेवायलाही जागा नाही. पहिल्या वर्षी चोवीस मुले बसत होती. मग २०२० ची टाळेबंदी आली, विहाराला कुलूप लागले. ते उघडले तेव्हा मुलांच्या घरातली मिळकत आटली होती. मोठी मुले कामाला लागली, लहान मुले मोबाइलला लागली. २०२३ उजाडले तेव्हा अभ्यासिकेत पाच मुले उरली होती. ज्याच्यावर आमची सगळी भिस्त होती तो मुलगा बारावीला पुस्तपालन आणि अर्थशास्त्र या दोन विषयांत नापास झाला आणि पार्सल पोचवण्याच्या कामाला लागला. त्याचे उदाहरण देऊन आया म्हणू लागल्या, "तिथं बसून त्याचं काय झालं ते बघितलं ना?"

दुसरी बाजूही खरी होती. विहाराचे छप्पर गळत होते. दुरुस्तीचा अंदाज ३८,००० रुपये. शिल्लक १,१४० रुपये. एक मंडपवाला सामान ठेवायला जागा मागत होता, महिना ४,००० रुपये भाडे द्यायला तयार होता. हिशेबाची वही आमच्याच हाती असल्याने हा आकडा आम्हीच सभेपुढे मांडला होता. वहीत तो बरोबर होता. पण रात्री झोप लागत नव्हती.

हक्काचे अर्धे तिकीट

पहिल्या लोकलने पनवेल गाठले. आम्ही तीन पुरुष, चार बायका, आठवीतली एक मुलगी आणि तो पार्सलवाला मुलगा. त्याला त्याच्या आईने "मावश्यांच्या पिशव्या उचलायला" म्हणून जबरदस्तीने पाठवले होते. पनवेलच्या स्थानकात महाडकडे जाणाऱ्या एस.टी.ला गर्दी होती. कुणाच्या हातात निळे झेंडे, कुणाच्या मांडीवर भाकरीचे गाठोडे.

कंडक्टर एक तरुण ताई होत्या. आमच्यातल्या एका मावशींनी पूर्ण भाड्याचे पैसे पुढे केले. ताईंनी निम्मे परत दिले. मावशी घाबरून म्हणाल्या, "बाई, चुकलं असेल तुमचं, मी काय म्हातारी नाही." सगळी गाडी हसली. बायकांना एस.टी.त निम्मे भाडे ही सवलत १७ मार्च २०२३ पासून म्हणजे तीनच दिवसांपूर्वी सुरू झाली होती. ताई तिकीट फाडत म्हणाल्या, "तीन दिवस हेच चाललंय. हक्काचं असून घ्यायला हात कचरतो आपला."

ताई सहज बोलून पुढे गेल्या, पण आम्हाला ते वाक्य महाडपर्यंत पुरले. कारण चवदार तळ्याची गोष्टही तिथूनच सुरू होते. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ सालीच मंजूर केला होता. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे कागदावर हक्क मिळाला होता. तरी तीन वर्षे आपल्यापैकी कुणी त्या तळ्याची पायरी उतरले नव्हते. ठराव होणे वेगळे आणि हात पुढे होणे वेगळे.

पेण, नागोठणे, कोलाड मागे पडले. महामार्गाच्या रुंदीकरणाचे काम २०११ पासून चाललेले. गाडी खड्ड्यांतून आणि धुळीतून वाट काढत होती. लोणेरे आले तेव्हा आठवीतल्या मुलीने खिडकीतून पाटी मोठ्याने वाचली, "डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ." पार्सलवाल्या मुलाने मोबाइलवरून मान वर केली आणि फाटक दिसेनासे होईपर्यंत तो पाहत राहिला. बोलला काहीच नाही.

माणगावला चढलेल्या आजी

त्याआधी माणगावला एक आजी गाडीत चढल्या होत्या. वय अठ्ठ्याहत्तर. पंच्याहत्तरीपुढच्यांना एस.टी. फुकट आहे, म्हणून त्यांनी आधार कार्ड पदराच्या गाठीत बांधले होते. दरवर्षी २० मार्चला त्या एकट्याच जातात. आमच्या मुलीने त्यांना खिडकीची जागा दिली आणि दोघींची गट्टी जमली.

आजींचे सासरे १९२७ साली सतरा वर्षांचे होते. महाडच्या परिषदेला ते गावकीबरोबर चालत गेले होते. "मामांजी लय बोलायचे नाय," आजी सांगू लागल्या. "दगड लागला त्याची खूण कपाळाला होती, पण त्याचं कौतुक कधी सांगितलं नाय. एकच सांगायचे. म्हणायचे, मी एकटा असतो तर वेशीवरनं परत फिरलो असतो. पण अलीकडे बाबू होता नि पलीकडे धाकला काका होता. ते चालत होते म्हणून माझे पाय चालले."

आमची मुलगी चुणचुणीत. तिने विचारले, "आजी, पण पाणीच प्यायचं होतं तर एवढी माणसं कशाला? रात्री गुपचूप जाऊन प्यायचं ना!"

आजी हसल्या. "चोरून पियालं तर तहान जाईल गो बाय. भीती कशी जाईल?"

वाचकहो, सभांमधून महाडच्या संगरावर आम्ही आजवर कितीतरी भाषणे ऐकली आहेत, काही केलीही आहेत. पण एवढ्या थोड्या शब्दांत त्याचा अर्थ आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

तळ्याकाठी

महाडला उतरलो तेव्हा ऊन तापले होते. रस्त्यारस्त्यांतून माणसांचे लोंढे तळ्याकडे चालले होते. बायका पांढऱ्या साड्यांत, समता सैनिक दलाची मुले गणवेशात, खांद्यावर नातवंडे घेतलेले आजोबा. बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून त्रिशरण-पंचशील घेतले आणि आम्ही पायऱ्यांवर बसलो. पार्सलवाल्या मुलाला यातले फारसे ठाऊक नव्हते, म्हणून तिथे बसूनच त्याला सारी हकिकत सांगितली.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी इथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. गावात पाणी मिळणार नाही म्हणून परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. दुसऱ्या दिवशी बाबासाहेब पुढे आणि हजारो माणसे मागे, अशी शिस्तीने रांग निघाली. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले आणि मागून साऱ्यांनी घेतले. त्यानंतर आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठवून जेवत बसलेल्या, घरी निघालेल्या लोकांवर लाठ्याकाठ्या चालवल्या गेल्या. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. पुढे १०८ घागरी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे 'शुद्ध' केले गेले. नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. २५ डिसेंबर १९२७ रोजी याच गावात मनुस्मृतीचे दहन झाले. कोर्टाची लढाई मात्र पुढे दहा वर्षे चालली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

मुलाने विचारले, "म्हणजे पाणी प्यायल्यावर लगेच तळं मिळालंच नाही?"

"नाही. दहा वर्षं लागली."

तो गप्प झाला. दोन विषय राहिले म्हणून सहा महिन्यांत वही-पुस्तक गुंडाळणारा तो आणि पाच मुले उरली म्हणून कुलूप लावायला निघालेले आम्ही, दोघेही त्या हिरवट पाण्याकडे पाहत बसलो.

आणखी एक गोष्ट त्याला मुद्दाम सांगितली. ही लढाई आपण एकट्याने लढलो नाही. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे आपले कार्यकर्ते होतेच, पण नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे हे सवर्ण समाजात जन्मलेले लोकही खांद्याला खांदा लावून उभे होते. डिसेंबरच्या परिषदेला मंडप घालायला कुणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. त्याच परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळे बोलले. इतर बायकांसारखे नीट लुगडे नेसा, जातीची खूण सांगणारे कथलाचे, चांदीचे दागिने टाका, मुलींना शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. बायकांनी तिथेच लुगडे नेसण्याची तऱ्हा बदलली. आमच्या मावशी हे ऐकताना आपला पदर सारखा करीत होत्या.

भिंतीवरची चिखलाची रेघ

दुपारी बाजारपेठेत चहाला थांबलो. दुकान एका मुस्लिम चाचांचे होते. दारात पाण्याचा रांजण भरून ठेवलेला, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी फुकट. आत भिंतीवर माणसाच्या डोक्याच्या वर तपकिरी रेघ आणि त्याखाली रंगाने तारीख लिहिलेली, '२२ जुलै २०२१'.

त्या दिवशी सावित्रीच्या पुराने सारे महाड बुडवले. त्याच पावसात तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळून कितीतरी माणसे गाडली गेली. पाणी ओसरले तेव्हा चाचांच्या दुकानात गुडघाभर चिखल होता. भट्टी गेली, फ्रीज गेला, उधारीची वहीसुद्धा गेली. "दोन दिवस मी समोरच्या ओट्यावर नुसता बसून होतो," ते म्हणाले. "फावडं हातात घ्यायची ताकद नव्हती. म्हटलं, संपलं."

"मग?"

"समोरचा किराणावाला आला. त्याचंही सगळं गेलेलं. बोलला नाही, काही नाही. माझं शटर वर ओढायला लागला. म्हटलं, अरे, तुझं दुकान आधी बघ. म्हणाला, माझ्या दुकानात मला जायची हिंमत होत नाय, म्हणून तुझ्याकडून सुरू करतो. मग दोघांनी माझं साफ केलं नि दोघं मिळून त्याचं. मागून कुठकुठनं पोरं आली, झाडू-फावडी घेऊन. त्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत."

१९२७ साली दगडफेकीतून वाचण्यासाठी आपल्या काही लोकांनी इथल्या मुस्लिम घरांत आसरा घेतला होता. ते आम्ही बोलून दाखवले, तेव्हा चाचा एवढेच म्हणाले, "आजा सांगायचा." आणि आमच्या चहाचे पैसे घेईनात. आम्ही गल्ल्यावर ठेवून आलो.

लेण्यात भरलेली शाळा

गाडीला वेळ होता. सात-आठ वर्षांत एवढ्या वेळा महाडला आलो, पण जवळच्या गांधारपाले लेण्यांकडे कधी वळलो नव्हतो. महामार्गावरून नुसती बोट दाखवून जायचो. यंदा मिनीडोर करून गेलो आणि पायऱ्या चढलो.

ही बौद्ध लेणी सुमारे १८०० वर्षांपूर्वीची आहेत. डोंगराच्या कुशीत पंचवीसहून अधिक लेणी, भिक्खूंना झोपायला दगडी ओटे, स्तूप, दगडात खोदलेली पाण्याची टाकी, ब्राह्मी लिपीतले दानलेख आणि एका मोठ्या लेण्यात कोरलेली बुद्धमूर्ती. ज्या गावात पाण्याच्या एका ओंजळीसाठी माणसांची डोकी फुटली, त्याच गावच्या डोंगरात आपल्या भिक्खूसंघाने शेकडो वर्षे आधी पाण्याची टाकी खोदून ठेवली होती, हे पाहून मन भरून आले.

वर पोचलो तर एका लेण्याच्या सावलीत शाळा भरलेली. विशी-बाविशीची एक मुलगी आणि पुढ्यात चार मुले, पाट्या घेऊन. "लेण्याच्या भिंतीला हात लावायचा नाही हं," असे ती त्यांना दटावत होती. चौकशी केली. ती कातकरी समाजातली. आश्रमशाळेत राहून बारावी झालेली, आता मुक्त विद्यापीठातून बी. ए. करणारी. वाडीतली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. मुले सोबत जातात, शाळा सुटते. म्हणून तिने वर्गच भट्टीवर नेला होता. दुपारच्या उन्हात भट्टीचे काम थांबते, तेवढे दोन तास वर्ग. त्या दिवशी भट्टीपाशी सावली नव्हती, म्हणून मुलांना लेण्यात घेऊन आली होती.

आमच्या मावशींनी विचारले, "ताई, चारच मुलं? कंटाळा नाही येत?"

ती म्हणाली, "मी पाचवीत असताना शाळा सोडून भट्टीवर गेले होते. आमच्या बाई मला शोधत तिथं आल्या. तेव्हा तर मी एकटीच होते."

मग तिने आम्हाला विचारले, तुम्ही काय करता? आम्ही अभ्यासिकेचे सांगितले. किती मुले येतात, असे विचारल्यावर आम्ही उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात आमची आठवीतली मुलगी बोलून गेली, "पाच येतात. पण रविवारी बंद होणार आहे."

"का? जागा नाही का?"

"जागा आहे," आम्ही म्हणालो.

"दिवा नाही?"

"दिवा आहे. पुस्तकं आहेत, तीनशेच्या वर. पंखाही आहे."

"पंखापण आहे?" ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरेच आश्चर्य होते. त्यामुळे ते फार लागले. आमच्यातल्या कुणालाच काही बोलता येईना. तिने पाट्या गोळा केल्या, मुलांना उठवले. निघताना आम्ही क्रांतिस्तंभाजवळच्या दुकानातून घेतलेले बाबासाहेबांचे छोटे चरित्र तिच्या हाती ठेवले. तिने ते उघडून पहिले पान तिथेच वाचले, मग पिशवीत नीट घालून म्हणाली, "तुम्ही वर चढून आलात, बरं वाटलं. इथे वर्ग बघायला कुणी येत नाही." म्हणजे जिने आम्हाला धीर दिला, तिलाही कुणीतरी येण्याची वाट होतीच.

येताना आणि आल्यावर

परतीच्या गाडीत बराच वेळ कुणी बोलले नाही. पेण सोडल्यावर पार्सलवाला मुलगा खिडकीकडे बघतच म्हणाला, "वस्तीतली सगळी मोठी पोरं संध्याकाळी कामावर असतात. अभ्यासिका सहाला उघडून आठला बंद केली तर येणार कोण? मीच साडेनऊशिवाय सुटत नाही."

सात वर्षे आम्ही अभ्यासिका आमच्या सोयीने उघडत होतो. मुले येत नाहीत ही त्यांची चूक धरून बसलो होतो. त्या ताईंनी वर्ग भट्टीवर नेला होता. आम्हाला तर फक्त कुलपाची वेळ बदलायची होती.

रविवारच्या सभेत वाद झाला. छपराचा प्रश्न खोटा नव्हता आणि तो मांडणाऱ्यांची धम्मावरची निष्ठा आमच्यापेक्षा कमी नव्हती. शेवटी सहा विरुद्ध पाच मतांनी ठरले की, तीन महिने अभ्यासिका रात्री साडेनऊ ते साडेअकरा उघडून पाहावी. पहिल्या रात्री तिघे आले. महिनाभराने सात झाले. पुस्तपालन आम्ही शिकवू लागलो. लहान मुलांची पाढ्यांची जबाबदारी त्या आठवीतल्या मुलीने संध्याकाळी घेतली. पार्सलवाल्या मुलाचे पुस्तपालन पहिल्या फेरीत सुटले, अर्थशास्त्र दुसऱ्या फेरीत. तीन महिन्यांचा तो ठराव पुन्हा सभेपुढे आलाच नाही. छपराची दुरुस्ती घरटी वर्गणीतून दोन टप्प्यांत झाली. ईशान्येचा कोपरा अजून गळतो. तिथे बादली ठेवतो आणि मुले बाक सरकवून बसतात.

जी कुटुंबे महाडला जाऊ इच्छितात त्यांना दोन शब्द. पनवेलहून एस.टी. मिळते, कोकण रेल्वेने गेल्यास वीर स्थानकावर उतरून पुढे जाता येते. मार्चचे ऊन कडक असते, मुलांसाठी पाणी आणि टोपी घ्या. तळे आणि क्रांतिस्तंभ पाहाच, पण वेळ काढून गांधारपाले लेण्यांच्या पायऱ्याही चढा. आणि आणखी एक. फोटो काढून लगेच परतू नका. शेजारी बसलेल्या आजींशी बोला, चहावाल्याची चौकशी करा. आमचा आजवरचा समज असा की, आत्मविश्वास आधी मनात यावा लागतो आणि मग माणूस चालू लागतो. आजींच्या सासऱ्यांचा अनुभव वेगळा होता. अलीकडचा आणि पलीकडचा चालत होता, म्हणून त्यांचे पाय चालले.

पुढच्या २० मार्चलाही आम्ही माणगावला खिडकीतून वाकून पाहत होतो. आजी फलाटावर उभ्या होत्या. या वेळी शेजारी दहा-बारा वर्षांची एक नात होती.

जयभीम!